सहावी भेग

पूल खरा होता. पूल निरीक्षकाच्या परीक्षेसाठी डिजिटल चष्मा त्याच्या चौथ्या खांबावर पाच खोट्या भेगा दाखवी. रुख्साना मुल्लाणीने सहा मोजल्या आणि चष्म्याने तिला तिसऱ्यांदा नापास केलं.

"अगं, पाच म्हणजे पाच," प्रशिक्षक घैसास वैतागून म्हणाले. "दर वेळी सहावी कुठून आणतेस?"

"सर, ती चष्मा काढल्यावरही दिसते."

"परीक्षेत चष्मा काढायचा नाही, हे कितीदा सांगू?"

घैसासांनी चिडून स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवला. नऊ वर्षांत त्यांनी हा खांब नुसत्या डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. पाच भेगा नाहीशा झाल्या, एक राहिली. त्यांनी तिच्यात पेन घातलं. ते निम्मं आत गेलं.

"दोन महिन्यांपूर्वी नुसतं नख जायचं," रुख्साना म्हणाली आणि पायऱ्यांकडे धावली.

घैसास धापा टाकत वर पोचले, तेव्हा ती पुलाच्या तोंडाशी हात पसरून उभी होती. समोर एसटी थांबलेली होती.

"कोण या बाई?" चालक खेकसला.

"पूल निरीक्षक," घैसास म्हणाले. "त्या सांगतायत तसं करा. गाडी मागे घ्या."