ब्रांडानचं कुळ

मानेचे दोन्ही मणके यामिलानं टेबलावरच्या वाळूत शेजारी शेजारी मांडले आणि हात पुसले. आता सांगणं भाग होतं. सबंध दुपार तिनं टाळाटाळ करण्यात घालवली होती. नेलिदाबाई खिडकीपाशी बसून तुंब्यातल्या पानांवर गरम पाणी ओतून माते हा कडवट चहा पीत होत्या. बाहेर वाऱ्यानं पत्रे धडधडत होते.

एक मणका समोरच्याच टेकडीतला. बाईंनी तरुणपणी स्वतः खणून काढलेला. पाला ओरबाडून खाणाऱ्या, लांबलचक मानेच्या त्या अवाढव्य डायनासोरला त्यांनी मोठ्या हौसेनं आपल्या नवऱ्याचं नाव दिलं. ब्रांडान. त्याचं वेगळं कुळ मांडलं, तेही त्याच नावाचं. गावानं त्या दिवशी कोकरू भाजलं होतं. पुढच्याच वर्षी ब्रांडान शाळेतल्या मास्तरणीबरोबर बाहिया ब्लांकाला गेला, तो गेलाच. नाव मात्र राहिलं. असलं नाव एकदा छापलं की देणाऱ्यालाही परत घेता येत नाही.

तेव्हापासून प्रत्येक लेखात, प्रत्येक भाषणात बाई ते नाव घेत आल्या. गावातल्या बायका म्हणायच्या, जीव अजून तिथंच अडकलाय बिचारीचा. हे कुळ वेगळं कशावरून, असं कुणी विचारलं की बाई एवढंच म्हणायच्या, पुरावा आणा. लोकांना तो ताठा वाटायचा.

आता पुरावा आला होता आणि आणणारीलाच रडू फुटत होतं. दुसरा मणका मेंदोसा प्रांतातला, पेलांतू नावाच्या प्राण्याचा. खाचखळगे सगळे तेच. म्हणजे प्राणी दोन नव्हतेच, आणि कुळंही दोन नव्हती. अशा वेळी आधी छापलेलं नाव टिकतं, नंतरचं बाद होतं. पेलांतू आधीचं होतं. जिनं हाताला धरून हाडं ओळखायला शिकवलं, तिच्या संसाराची उरलेली एवढीशी खूण आपण पुसायची, या विचारानं यामिलाला स्वतःचीच किळस आली. तिनं मान खाली घालून एका दमात सगळं सांगून टाकलं.

बाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. वाकून दोन्ही मणक्यांवरून बराच वेळ बोटं फिरवत राहिल्या. मग परत खुर्चीत बसल्या.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "एकच प्राणी आहे हा. पण पेलांतू नाव नाही चालायचं. चिलीत एक शेणकिडा आहे त्या नावाचा, फार आधीपासूनचा. एक नाव दोघांना देता येत नाही."

यामिलानं मनातल्या मनात जुळवून पाहिलं. पेलांतू बाद. मग उरलं ब्रांडान. इथलेच नव्हेत, तर मेंदोसाचे आणि पार ब्राझीलपर्यंतचे सगळे भाऊबंद आता त्याच नावाखाली येणार. तिच्या छातीवरचं दडपण उतरलं. तिनं बाईंना मिठीच मारली.

"वाचलं की हो नाव, बाई! आणि तो किडा कुठून हुडकून काढलात? इतकी वर्षं झाली तरी एवढं प्रेम?"

नेलिदाबाईंनी थकून डोळे मिटले.

"प्रेम कसलं, पोरी. हे नाव पुसायचं कसं, तेच शोधत होते मी इतकी वर्षं. शेवटी सगळी भिस्त पेलांतूवर होती. गेल्या हिवाळ्यात त्याच नावाचा तो किडा निघाला."