गवताची गाठ

आंबोलीच्या जंगलात चालून चालून वामनरावांचे गुडघे बोलायला लागले होते. उभा जन्म साप शोधण्यात गेला, आज साधा सरडाही दिसेना.

"बास गं. नजरच गेली माझी."

"अहो, त्या कारवीपर्यंत तरी चला," बायको म्हणाली.

कुरकुरत, जळवा झटकत ते गेले. तिथे फांदीवर हिरवागार चापडा साप वेटोळं घालून निवांत बसलेला! ते पोरासारखे हरखले.

"गेली म्हणे नजर," ती हसली.

वळताना त्यांना वाटेच्या कडेला गवताची ताजी गाठ दिसली. साप दिसला की खुणेसाठी अशी गाठ मारायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. पहाटे ती 'जरा पाय मोकळे करून येते' म्हणून एकटीच बाहेर पडली होती.

गुडघे धरत ते वाकले, गाठ सोडवली.

"उद्या पहाटे मलाही उठव," म्हणाले.