आतल्या मशीनचा पत्ता

सकाळपासून कुंदन लॅपटॉपशी झटत होता. लॅपटॉपच्या पोटात त्याने आणखी एक कम्प्युटर चालवला होता, व्हर्च्युअल मशीन. त्या मशीनवरून इंटरनेट झकास चालायचं, पण टेबलावरच्या दुसऱ्या लॅपटॉपवरून तिला गाठायला गेलं की उत्तरच येत नव्हतं.

तेवढ्यात बार्शीटाकळीहून सासूचा फोन आला. लेकीशी बोलायचं तर तिला जावयाचाच नंबर लावावा लागे.

"जवाईबापू, चंदाले देता काय जरा?"

"ते कामात हाय. सांगतो मी तिले."

फोन ठेवून त्याने पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घातलं. चंदा समोरच चहा पीत बसली होती.

दुपारी एक सेटिंग बदलल्यावर मशीन सापडली. कुंदनने टेबलावर थाप मारली.

"काय झालं होतं तिले?" चंदाने विचारलं.

"तिले काहीच झालं नव्हतं. सोताचा पत्ता नव्हता तिले. सारं माह्या लॅपटॉपच्या नावावर चाले. मंग बाहेरच्याले ते दिसन कशी? आता राऊटरकडून तिचा पत्ता भेटला तिले."

"अन् तुमचा लॅपटॉप? तो त बंद नाही न पडला?"

"कावून पडन? दोन्ही मस्त चालून राहिले."

"मंग तसाच एक नंबर मलेबी घेऊन द्या," चंदा म्हणाली. "मायले सांगाचं हाय, मी कामात नव्हती म्हनून."