रुमाल सोडणारा

नवव्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत जुई माझ्या मांडीवर झोपून गेली. सात वर्षांची झाली, अजून आईला हाक मारत नाही. डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट उघडला, तेव्हा मला नुसतं घरी जावंसं वाटत होतं.

"हिच्या वाढीची जनुकं शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "पण पेशीत डीएनए घट्ट गुंडाळलेला असतो. पोटात बाळ वाढताना ज्या जनुकाची वेळ येते, तिथली गुंडाळी सैल व्हावी लागते. तरच ते वाचलं जातं. सैल करणारं प्रथिन हिच्यात अपुरं आहे."

मी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये वीस वर्षं लाल रुमालात बांधलेले जुने कागद काढून देतोय. "म्हणजे कागद सगळे आहेत," मी म्हणालो, "रुमाल सोडणारा वेळेवर हजर नव्हता."

"अगदी तसंच. आणि यात कुणाचीच चूक नाही. ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकात गर्भ राहतानाच आपोआप बदल झालाय."

शेजारी बसलेली बायको पुढे सरकली. "सातव्या महिन्यात मी पाण्याचे हंडे वाहिले, त्यानं नाही?"

"मुळीच नाही."

"मग हे मराठीत लिहून द्या, मॅडम. सहीशिक्क्यासकट."

"देते की. पण कुणाला दाखवायचंय?"

तिनं टेबलावरचं पेन मॅडमपुढे सरकवलं. हंड्यांचा विषय सात वर्षांत कितीदा निघाला असेल. दर वेळी तो मीच काढला होता.