शेंड्यावरचं उद्दिष्ट

निरवांगी गावात नळाला पाणी सुटलं की मेसेज यावा, असं ॲप बनत होतं. इंजिनिअर दिग्विजयने फळ्यावर उद्दिष्टांचं झाड काढलं. शेंड्यावर मुख्य उद्दिष्ट लिहिलं, ‘नळापाशी बायकांचं ताटकळणं थांबावं.’ मग पारावरच्या पुरुषांना एकेकाची गरज विचारत बसला.

“पाणी आमी भरतो. आमालाबी इचारा की,” चहा देता देता कुशाबाई म्हणाली.

“तू च्या दे गं!” नवरा दत्तोबा खेकसला. “मेसेज माज्या फोनवर येईल. मी सांगीन, तू जा खुशाल खुरपायला.”

पहिल्याच दिवशी मेसेज अगदी वेळेवर आला. दत्तोबा तेव्हा बारामतीच्या बाजारात होता, कुशाबाई रानात खुरपत होती. पाणी येऊन गेलं.

संध्याकाळी घरी येऊन त्याने मोबाईल खाटेवर टाकला. “पाणी आण!”



कुशाबाईने तो मोबाईल रिकाम्या तांब्यात घालून पुढं धरला. “घ्या, प्या.”