सरळ रेघ

कण्हेरीच्या विषाने धाकट्याचं हृदय बंद पडलं होतं, आणि पलंगाशेजारचं मशीन त्याचं रक्त बाहेर खेचून, त्यात प्राणवायू भरून परत अंगात ढकलत होतं. "विष उतरेपर्यंत मशीन चालू राहू द्या, हृदय परत सुरू होईल," मशीन सांभाळणारी बाई नातेवाइकांना घसा फोडून सांगत होती. पण थोरल्याला पडद्यावर सरळ रेघ दिसली मात्र, त्याचं डोकं सटकलं.

"खोकला झाला म्हणून गाढव स्वतःच मुळीचा काढा करून प्यायलं आणि मेलं! आता मढ्यावर मशीन चालवता? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे तुम्ही!"

त्याने सलाइनचा लोखंडी स्टँड उचलून डॉक्टरच्या डोक्यात घातला. डॉक्टर कोसळला तसे चुलते, मेहुणे सगळेच तुटून पडले. काचा फुटल्या. बाईची भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं, तरी ती घोरपडीसारखी मशीनला चिकटून होती.

"रेघ काय बघताय? मशीनचं रक्त मेंदूला पोचतंय, त्याच्याकडे बघा!" ती किंचाळली.

थोरल्याने तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं, आणि रक्ताची नळी उपटायला तो भावावर वाकला.

रेघ सरळच होती. पण सगळा गलका जागच्या जागी थिजला, कारण धाकट्याने डोळे उघडले होते.



"दादा, नाक नको ना दाबू," तो कळवळून पुटपुटला, "पितो मी काढा."