रेणूने काढलेली खोट

विद्यापीठाच्या खोलीत रेणू डोळ्यांना गेमची पट्टी लावून आडवी पडली होती. व्हिडिओ गेमची समीक्षा आता गेममध्ये राहूनच करावी लागे. बाहेर यायचं तर घरच्यांनी हाक मारायची आणि तिनं ‘येते’ म्हणायचं, एवढाच नियम.

तिची आई चंद्राक्का माइकपाशी वाकली. “ऊठ गं भवाने, पिठलं निवलं!”

रेणू हसली. “आत्ताच तर घरी आले की. किती ओरडशील, आई?”

शेजारी उभ्या असलेल्या तिच्या सरांचा चेहरा पडला. “आक्का, गेम स्वतःवरची टीका वाचून सुधारतो. काल हिनं लिहिलं, इथं सगळेच गोड बोलतात, आईसारखं खेकसणारं कुणी नाही, म्हणून हे घर वाटत नाही.”

“माझ्यासारखं खेकसणारं यंत्र अजून जन्मायचंय!”

तेवढ्यात गेमच्या स्पीकरमधून चंद्राक्काचाच आवाज आला. “गिळ मुकाट्यानं, भवाने!”

चंद्राक्काला जन्मात पहिल्यांदा शिवी सुचेना. तिनं लेकीचा हात धरला. “रेणू, बाळा, ये ना गं.”

“आई,” रेणू आतल्या आईला म्हणाली, “बाहेर कुणी बाई गोड बोलून बोलावतेय. आपल्यातली नाही वाटत.”

“मग दार लावून घे.”